आत्याला न वाचून दाखवलेलं प्रकरण

आप्पा, तुमची बहीण माझी कादंबरी तपासते आहे. हसू नका. तिला अक्षरओळख नाही हे मलाही ठाऊक आहे, पण पुण्याच्या प्रकाशकांकडच्या संपादकबाईंना जे दिसलं नाही ते आत्याला चुलीपुढे बसून नुसतं ऐकताना दिसतं. गेले चार महिने दर रविवारी मी महाडहून पोलादपूरची एसटी धरते, तिथून रिक्षाने तिचं कापडे गाव गाठते, आणि तिच्या स्वयंपाकघरात पाट ओढून बसते. मी वाचते, ती भाकरी थापते. तिचा हात थांबला की समजायचं, माझं काहीतरी चुकलंय. "राब भाजताना बाई अशी लांबण लावत नाय गो. धूर डोळ्यांत जातो. येक शब्द बोलंल आन् गप ऱ्हाईल." भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पसरून जमीन भाजतानाचं ते दीड पान मी खोडलं. खोडल्यावर प्रसंग उभा राहिला, याचाच जास्त राग आला. माझी पहिलीच कादंबरी, तीही पन्नाशी उलटल्यावर. परवा सोमवारी ती छपाईला जायची आहे, आणि त्यातलं एक प्रकरण मी आत्यापासून लपवून ठेवलं होतं. ते तुमच्याबद्दल आहे.

लिहिलेलं वाचून दाखवायची खोड तुमचीच. महाडच्या कोर्टाबाहेर ताडपत्रीखाली तुमचं टेबल, त्यावर टाइपरायटर, समोरच्या बाकावर डोंगरातल्या वाड्यांवरून आलेली माणसं. अर्ज असो की प्रतिज्ञापत्र, अंगठा घेण्याआधी तुम्ही ते सावकाश, मोठ्याने वाचता आहात, मध्येच थांबून विचारता आहात, "असंच म्हणालात ना?" कॉलेज सुटल्यावर मी डबा घेऊन यायचे आणि टाइप केलेले कागद ताडून बघायचे. एकदा घाईत मी एका म्हाताऱ्याचा अंगठा न वाचताच घेतला. तुम्ही मला एसटी स्टँडवर पिटाळलंत, त्याला परत आणायला लावलंत आणि बाकावरच्या सगळ्यांदेखत म्हणालात, "माणसाचा अंगठा म्हणजे पोस्टाचा शिक्का वाटला काय तुला? काय लिहिलंय ते त्याला कळायला नको?" आठवडाभर मी तुमच्याशी बोलले नाही. आजही आठवलं की कान तापतात.

आणि त्याच टेबलावर तुम्ही आत्याचं हक्कसोडपत्र टाइप केलंत. ओढ्याकाठच्या माहेरच्या शेतातला तिचा वाटा तिने तुमच्या नावे सोडल्याचा कागद. ती सकाळच्या गाडीने आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून, माझ्यासाठी फणसपोळी घेऊन. तुम्ही तिला एवढंच सांगितलं होतं की वारसाची नोंद करायची आहे, अंगठा लागेल. कागदाच्या शेवटी 'वाचून दाखवले, समजले, मान्य आहे' ही ओळ नेहमीसारखी खडखड उमटली. वाचलं मात्र नाहीत तुम्ही. नोंदणीच्या टेबलावर साहेबांनी "समजलं ना सगळं?" असं विचारलं तेव्हा तिने तुमच्याकडे बघितलं आणि मान हलवली. पुढच्या वर्षी ते शेत विकून आपण महाडातल्या या दोन खोल्या घेतल्या. इथेच बसून मी कादंबरी लिहिली. आत्या कधी भांडली नाही, भाऊबीजेला यायची तेवढी थांबली. तुम्ही गेलात तेव्हा आली, उंबऱ्याशी बसून रडली, आणि पाणीही न पिता परत गेली. तिच्याकडे मी जाऊ लागले ते त्यानंतर.

कादंबरीत मी हे सगळं बदललं. माझ्या अकराव्या प्रकरणातला भाऊ कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो, बहीण ऐकते आणि राजीखुशीने अंगठा देते. तुमची अब्रू राखायला म्हणून असं केलं, अशी मी माझीच समजूत घातली. आणि तरीसुद्धा ते आत्यापुढे वाचायचं धाडस होईना. दहावं झाल्यावर मी गुपचूप बारावं सुरू केलं.

गेल्या रविवारी तिने तव्यावर भाकरी टाकली आणि म्हणाली, "ती बाई महाडच्या गाडीत बसली व्हती. आता येकदम घरी बसून रडतेय. मधी काय झालं?"

"ते पुढे येईल आत्या."

"मधलं पुढं कसं येईल? वाच."

मी पिशवीतून कागद काढले. जन्म शाळेत पोरांवर ओरडण्यात गेला, आणि त्या दिवशी पहिली ओळ तीनदा सुरू करावी लागली. वाचलं एकदाचं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिने ती उलटली नाही. भाऊ कागद वाचून दाखवतो तिथे ती नुसतं "हं" म्हणाली. मला वाटलं, सुटले. मग तिने करपलेली भाकरी बाजूला काढली.

"त्यानं वाचलं नव्हतं. तुला ठाव हाय, मला ठाव हाय. पर बापासाठी खोटं लिवायचं तर लिव. माजा पण भाऊच व्हता तो." मी मान खाली घालून कागद जुळवत राहिले. "माजं इचारणं येगळं हाय. तिथं टेबलाशी येक पोरगी बसली व्हती, कागद हातात धरून. ती कुठं गेली गो?"

गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. गाडीला चांगला तासभर अवकाश होता आणि ते तिलाही ठाऊक होतं. पोलादपूरच्या स्टँडवर बसून मी तुमच्यावर चडफडत राहिले, नेहमीसारखी. तुम्ही गेल्यापासून तुमच्यावर रागावणं मला फार सोयीचं झालं आहे, आप्पा. रागावलं की बाकी काही आठवावं लागत नाही.

या आठवड्यात अकरावं प्रकरण नव्याने लिहिलं. त्यातला भाऊ आता कागद वाचत नाही. तुम्हाला वाईट वाटेल, वाटू दे. पोरगीही आली आहे, टेबलाशी बसली आहे. उद्या ते आत्याला वाचून दाखवायचं. ती नको म्हणाली तर प्रकाशकांना फोन करून पुस्तक थांबवेन. आणि ऐकून घेऊन तिने मला दारातून परत पाठवलं, तर काय करायचं ते मला माहीत नाही.  

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. वहीत घालून ठेवते. पण त्या दिवसातलं एक तुम्हाला कधी कळलंच नाही. तुम्ही शाईचं पॅड मागायला शेजारच्या टेबलाकडे गेलात, तेव्हा आत्याने मला हळूच विचारलं होतं, "काय लिवलंय गो त्यात?" कागद माझ्या हातात होता. मी तो ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिला होता, शेताच्या हद्दीतली एक चूकसुद्धा दुरुस्त केली होती. मी म्हणाले, "नेहमीचंच आहे आत्या, दे अंगठा."