क्रेन वर, मी खाली

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. (यंदाचा नमस्कार जमिनीवरून आहे, गोड मानून घ्या.) तुमचे गुडघे शिडीला अजून साथ देतात ना? ताईंचा खोकला गेला का?

पत्रास कारण की, आमची टॉवर क्रेन आता खालून चालते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचीही तशीच करायचं ठरलंय आणि तुम्ही मात्र वरून उतरायला तयार नाही, असं साहेब म्हणाले. "साडू तुमचं ऐकतील, चार शब्द लिहा," असा हुकूम झाला. (तुम्ही माझं कधी ऐकलंत, हे त्यांना कुठलं माहीत!) तर लिहितो.

सोय उत्तम आहे. पत्र्याची खोली, गार हवा, गादीची खुर्ची, समोर भिंतभर पडदे आणि हातात दोन दांडे. पहिल्याच दिवशी वरच्या कॅमेऱ्यावर कावळा येऊन बसला आणि पडद्यावर नुसती शेपटी. सळयांचा भारा अधांतरी, खाली माणसं आ वासून उभी, आणि मी पडद्याला "हाड् हाड्" करतोय. शेवटी चप्पल भिरकावली. कावळा जागचा हलला नाही, पडदा तेवढा फुटला. वर असतो तर नुसती काच वाजवून काम झालं असतं.

शिवाय वर माझ्याशी भांडायचं तर आधी शिडी चढावी लागे, त्यामुळे निम्मी भांडणं खालीच जिरायची. आता गार हवा खायला अख्खी साइट येते. प्लंबर फोन चार्जिंगला लावतो, हिशेबनीस घोरतो. मागच्या आठवड्यात तर आपल्या सासूबाई माझा डबा घेऊन आल्या आणि दुसऱ्या खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. "जावईबापू, जरा डावीकडे घ्या." मी घेतलं नाही. तुळई बरोबर भिंतीला घासली. साहेब त्यांना म्हणाले, "आजी, रोज येत जा." (रोज येतात.)

पण साडूभाऊ, खरं सांगू? करमत नाही. वर असताना भार हलला की अंगाला कळायचं, वारा फिरला की पाठीला आधी समजायचं. आता वाळूची गोणी उचला नाहीतर अख्खी तुळई, दांडा तेवढाच हलका. संध्याकाळी इमारत वाढलेली दिसते, पण ती मी वाढवली असं वाटत नाही. बायको विचारते, दमलात का? दमलो नाही, याचंच वाईट वाटतं. असो. तुम्ही साहेबांना हो म्हणावं, ही विनंती.

आपला,
धाकटा साडू

ता. क. – साहेबांनी पत्राची शेवटची ओळ तेवढी वाचली. छान लिहिलंय म्हणाले.

ता. क. २ – हो म्हणू नका. निदान रविवारपर्यंत तरी नाही. रविवारी मी येतो. काम बंद असेल तेव्हा मला तासभर तुमच्या जागेवर बसू द्या. कशालाही हात लावणार नाही. आणि ताईंना यातलं काही बोलू नका. खाली यायचं मीच मागून घेतलं, असं मी घरी सांगितलंय.