मुक्ताबाईचा दम आणि न चुकणारी ढोलकी

खर्डा, ता. जामखेड
रविवार, दुपार

सोनई मुक्कामी असलेले आमचे मेहुणे सहादेवराव यांस कानिफनाथचा राम राम.

इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा कसा आहे, नवी म्हैस दुधाला कशी आहे आणि राग कितपत उतरला, ते कळवावे. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केल्यामुळे पत्र लिहिण्याची वेळ आली. (काल पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाईंनी घरी सगळं बरं आहे ना, असं विचारलं.)

तर राजनंदिनीची हळद येत्या शुक्रवारी. तुमच्या बहिणीचं म्हणणं, "हळदीला मला गायला जमायचं न्हाई, पोरीकडं बघितलं की गळा दाटतो. गाणं आधीच भरून ठिवा." म्हणून ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत माईक लावला. (पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, हा माझा शोध.) प्रश्न ढोलकीचा. साखरपुड्यात तिच्या गाण्यानंतर मी चारचौघांत म्हणालो की सहादेवराव वाजवताना लय सोडून पळतात, यांच्यापेक्षा घड्याळाची टिकटिक बरी; आणि तुम्ही ढोलकी खाली ठेवून चालते झालात. ठीक आहे. मीही मागे हटणारा माणूस नाही. मी टिकटिकच आणली.

म्हणजे कॉम्प्युटरवर वाजवणाऱ्याशिवाय वाजणारं सॉफ्टवेअर. पडद्यावर चौकोन असतात, ज्या चौकोनात टिचकी माराल तिथे थाप पडते. हे वाजवणं नाही, वाफ्यात कांद्याची रोपं लावणं आहे, पण कंबर तेवढीच दुखते. ढोलकी शोधताना पहिल्या दिवशी परदेशी ड्रम सुरू झाले, तेही मोठ्या स्पीकरवर. शेजारचे भिमाजी टोपी घालून वरात बघायला आले आणि चहा घेऊनच गेले. दुसऱ्या दिवशी ढोलकी सापडली. त्यात एक बटण आहे, फिरवलं की ढोलकी माणसासारखी थोडी चुकत वाजते. मी ते पूर्ण फिरवलं, तर ती थेट पिऊन आलेल्या माणसासारखी वाजू लागली. मग शून्यावर आणलं. आता एक थाप इकडची तिकडे होत नाही.

पण तुमची बहीण होते. दुसऱ्या कडव्याला ढोलकी मागे राहते, मुक्ताबाई पुढे. सोळा वेळा भरलं, सोळा वेळा तेच. मी म्हणालो, यंत्र चुकत नाही. ती म्हणाली, "त्याला काय ठावं मी दम कुठं घेते?" आणि चपात्या लाटायला निघून गेली. तेव्हापासून स्वयंपाकघरातून माझ्याशी फक्त भांडी बोलतात. तरी मी हार मानलेली नाही. चौकोन आहेत, मी आहे, अजून पाच दिवस आहेत. तुमच्यावाचून काही अडलेलं नाही, हे कळवण्यासाठीच हे पत्र.

आपला,
कानिफनाथ

ता. क. – पत्र तुमच्या बहिणीने वाचलं. "खरं ल्ह्या, न्हाईतर मीच सोनईला जाते," असं म्हणाली. म्हणून खरं लिहितो. यंत्राला तुमची नक्कल शिकवावी म्हणून मी साखरपुड्याचा व्हिडिओ लावला. तीनदा ऐकला. सहादेवराव, तुम्ही पळत नव्हता. पळत होती ती. लेकीचं नाव आलं की तिचं गाणं पुढे धावतं, मग मध्येच दम घ्यायला थांबते. आणि तुम्ही तिच्याबरोबर धावलात, तिच्याबरोबर थांबलात, म्हणून तिची चूक कोणाला कळली नाही. मलासुद्धा. आणि मी बोललो तेव्हा तुम्ही बहिणीकडे बोट न दाखवता मुकाट्याने उठलात. मला फार लाज वाटली.

ता. क. दुसरा – ती दम घेते तिथले चौकोन मी रिकामे ठेवून पाहिले. किती ठेवायचे ते दर वेळी बदलतं. यंत्राला जमत नाही, मलाही नाही.

ता. क. शेवटचा – बुधवारी सकाळपर्यंत या. (पोस्टाने वेळेत पोचायचं नाही, म्हणून पाकीट उद्या सकाळच्या एसटीने पाठवतो.) ढोलकी तुम्ही ठेवलीत तिथेच आहे, तिच्यावर मी पोतं ठेवू दिलेलं नाही. चारचौघांत बोललो होतो, तेव्हा माफीही चारचौघांतच मागणार. भिमाजींसकट त्या चौघांना बुधवारी जेवायला सांगून ठेवलं आहे. तुम्ही आला नाहीत, तर मला नुसतंच त्यांना वाढावं लागेल.