पट्टीखालचा दिवा

११ जानेवारी

किती महिने इकडे फिरकलो नाही. माफ कर म्हणावं, पण कोणाला? कागदालाच म्हणतो. ताई गेल्यापासून लिहायला बसलं की पहिलं वाक्य तेच यायचं, आणि ते वाक्य या घरात कुठेही लिहून ठेवायचं नाही असं मी ठरवलं होतं. कोणी वाचेल म्हणून! आंधळ्या आईपासून वही लपवणारा जगात मी एकटाच असेन.

आज लिहितोय कारण पेटी बंद पडली. जिन्याखालच्या कपाटातली, घरातल्या संगणकाच्या सगळ्या फायली जिच्यात राहतात ती. सकाळी कपाटातून आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. आतून कोणी नखाने दार वाजवावं तसा. संगणकावर पाहिलं तर पेटी दिसेचना. बंद केली, चालू केली. टक्.

तिच्यात ताईचा आवाज आहे. आहे नाही तो सगळा.

१२ जानेवारी

स्वतःशी तरी एकदा सरळ लिहून काढावं.

ताई समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजांवर कामाला होती. महिनोन्‌महिने तिकडेच. फोन लागायचा नाही, म्हणून ती आवाज रेकॉर्ड करायची आणि बंदर आलं की पाठवायची; ऐकून झालं की मी ते पुसायचो, पुढचं येणारच असायचं. एखाद्या पुस्तकातलं प्रकरण वाचायची, शेवटी इकडच्या तिकडच्या गप्पा. आईचे डोळे गेल्यावर तो घरातला नेमच झाला. संध्याकाळचा चहा, आई, मी, आणि स्पीकरमधून ताई.

ताईचा आजार कळला तेव्हा आई नुकतीच हृदयाच्या दुखण्यातून उठली होती. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसणार नाही. तोड ताईनेच काढली. "त्यात काय, मी जहाजावर जाते!" घरूनच काम करतेय असं आईला सांगून ती वरच्या खोलीत बसायची आणि मी ऑफिसात असताना, जमेल तितकं रेकॉर्ड करायची. इंजिनाचा आवाज यावा म्हणून मागे टेबलफॅन. मग एक दिवस बॅग उचलली, आईच्या गालाला गाल लावला आणि निघाली. हॉस्पिटल आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं.

परत आली नाही. आईला हे माहीत नाही. तिची ताई अजून समुद्रावर आहे. रोज संध्याकाळी मी एक नवीन फाईल लावतो, आणि रोज मनात येतं— हे मी आईसाठी करतोय, की तिला सांगण्याची हिंमत नाही म्हणून?

आता लावायला फाईल नाही.

मावशीला (आईची धाकटी बहीण, दिवसा आईजवळ असते) स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "खोट्याला पाय नसतात म्हणतात. तुम्ही बहीणभावंडांनी त्याला जहाज दिलंत. घ्या, बुडालं!"

१३ जानेवारी

दुरुस्तीच्या ठिकाणी गेलो. काचेची खोली, आत पांढरा कोट घातलेल्या एक बाई. पेटी टेबलावर ठेवताच म्हणाल्या, "पेशंट किती दिवस कण्हतोय?" मी म्हटलं, परवापासून. "सगळे परवापासूनच म्हणतात, साहेब."

मग त्यांनी पेटी फिरवली. पुढच्या बाजूला, खाली कोपऱ्यात, जखमेवर लावतात ती चिकट पट्टी होती. "ही कसली? पेटीला लागलं होतं का कुठे?"

ती पट्टी मी पाहिली होती. ताई गेल्यावर पेटी वरच्या खोलीतून खाली आणली तेव्हाच. रक्त काढल्यावर तिच्या दंडाला लावायचे तसली. मी ती काढली नाही. तिच्या हातची होती.

बाईंनी नखाने सोलली. खाली एक बारीक दिवा.

"साहेब, हा दिवा तांबडा झाला असणार. ही पेटी शिट्टीही घालते, पण ती बंद करता येते. कोणीतरी शिट्टी बंद केली आणि दिव्यावर पट्टी मारली. कोणाला झोप येत नव्हती का त्या खोलीत?"

हो. येत नव्हती.

पेटीत दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं ते दुसरीवरही, आरशासारखं. तांबडा दिवा म्हणजे त्यातली एक गळली. त्यानंतर सगळा भार दुसरीवर आला, आणि आता ती टकटक करतेय. मी लेखापरीक्षक! लोकांच्या कंपन्यांत जाऊन विचारतो, डेटाची वेगळी प्रत ठेवता का, ती परत आणून पाहिलीत का कधी. उत्तर नीट नसेल तर शेरा मारतो. घरी विचारायला कोण येणार होतं?

पट्टी बाईंनी कचऱ्यात टाकली. मी परत मागून घेतली.

१४ जानेवारी

चहाची वेळ. तीन दिवस निमित्तं काढून टाळली, आज टळली नाही. आई तिच्या खुर्चीत, मान स्पीकरकडे. मी वाक्य पाठ करून आलो होतो. "आई, आज ना—"

"वादळ असेल," आई म्हणाली. "या दिवसांत असतं."

आणि बशीत चहा ओतला. एक थेंबही बाहेर नाही.

मला हायसं वाटलं. लगेच हायसं वाटल्याची लाज वाटली.

१६ जानेवारी

माझ्या फोनमध्ये एक फाईल सापडली! गेल्या आठवड्यात लावलेली, चुकून उतरवून ठेवलेली राहून गेली होती. ताई वाचताना अडखळते आणि म्हणते, "अगं आई, या लेखकाला पूर्णविरामाचं वावडं आहे." आई तेव्हा हसली होती आणि म्हणाली होती, "तुझ्या वडिलांवर गेलाय मेला!"

आठवडा झालाय, कदाचित चालून जाईल, म्हणून आज तीच पुन्हा लावली. ते वाक्य आलं. आई हसली. तसंच हसली. "तुझ्या वडिलांवर गेलाय मेला!" शब्द तेच, खुर्चीच्या हातावर थाप तीच.

मी कप घेऊन आत गेलो आणि नळ सोडून नुसता उभा राहिलो. आई विसरायला लागलीय. तिचं हृदय वाचवताना तिची आठवण हातातून जातेय.

१७ जानेवारी

डॉक्टरांना फोन करायचा का? काय सांगू? "आईला मी दोनदा फसवलं, आणि ती दोन्ही वेळा फसली, म्हणून काळजी वाटते"?

१९ जानेवारी

मावशी म्हणाली, "हल्ली आवाज तयार करून मिळतो म्हणे. माझ्या नणंदेच्या सुनेने तिच्या साहेबाचा काढला होता, रजा मंजूर करायला."

हसलो. पण गोष्ट डोक्यात राहिली. आज रविवार. ऑफिसच्या संगणकावर जाऊन बसलो. एवढ्याशा नमुन्यावरही होतं, असं लिहिलं होतं. फोनमधली ती फाईल दिली. मी टाईप केलं, "आई, इथे वादळ आहे. पण मी ठीक आहे." कळ दाबली.

ताई बोलली.

हुबेहूब. 'ठीक'वर तिचा तो हेल. रिकाम्या ऑफिसात, दिवसाउजेडी, मी मागे वळून पाहिलं. पुन्हा लावलं तेव्हा कळलं काय चुकतंय ते. तिने कुठेच श्वास घेतला नव्हता. शेवटच्या महिन्यांत ताईच्या वाक्यांत शब्द कमी आणि श्वास जास्त असायचा. ही बाई श्वास न घेता ठीक होती.

पुसून टाकलं. ताई जे खोटं बोलली ते तिचं होतं. तिने त्यासाठी दम खर्च केला होता. हे नुसतं माझं झालं असतं.

आणि तरी— संध्याकाळी आई म्हणाली, "अजून वादळच का रे?" तेव्हा वाटलं, उगाच पुसलं.

२२ जानेवारी

दुरुस्तीवाल्या बाईंचा फोन. "या. फोनवर सांगत नाही मी असलं."

टकटक करणारी डिस्क गेली. सुई आत घासत राहिली, वरचा थर खरवडला गेला. बाईंनी काचेतून दाखवली. गुळगुळीत तबकडीवर एक करडं वर्तुळ, आणि बाजूला बारीक भुकटी. ती भुकटी म्हणजे ताई. "यातून कोणीही काही काढू शकणार नाही, साहेब. कोणी काढतो म्हणालं तर देऊ नका."

"आणि आधी गळलेली?"

"ती चालतेय! जोडणी सैल होती, बाकी धडधाकट. पण समजून घ्या. ज्या दिवशी दिवा तांबडा झाला त्या दिवसापर्यंतचंच तिच्यावर आहे. नंतरचं काही नाही. उलट, नंतर कोणी पुसलेलं असेल तर ते मात्र हिच्यावर तसंच राहिलंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "असा आरसा धरा की जो मध्येच थांबला. समोरचं माणूस निघून गेलं, आरशात उभंच आहे."

दिवा कधी तांबडा झाला ते बाईंनी नोंदींतून काढून दिलं. ताईने रेकॉर्डिंग सुरू केलं त्याच आठवड्यात.

म्हणजे वाचून दाखवलेलं सगळं गेलं.

२३ जानेवारी

दुपारी लवकर घरी आलो. वरच्या खोलीत गेलो. टेबलफॅन अजून तिथेच, तोंड भिंतीकडे. पात्यांवर धूळ. का कोण जाणे, लावला. घरघर सुरू झाली आणि खोली हलल्यासारखी वाटली. खुर्चीवर तिची उशी आहे, पाठीचा खळगा तसाच.

खाली आलो तर आई चहाच्या टेबलाशी येऊन बसली होती. वेळ झाली नसताना. हात मांडीत, मान स्पीकरकडे.

"ताईचं लागलं का रे?" तिने विचारलं.

पंखा वर चालूच होता.

"नाही गं आई. नुसता वारा घेत होतो."

"बरं," म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे चालू. बरं वाटतं."

२५ जानेवारी

वाचलेली डिस्क नव्या डब्यात भरून मिळाली. जुने फोटो, विम्याचे कागद, माझे ऑफिसचे अहवाल. जे गेलं असतं तरी चाललं असतं ते सगळं शाबूत!

एका कोपऱ्यात 'कच्चं' नावाचा कप्पा. ताईचा. हा पेटीत मी कधी पाहिला नव्हता. नंतर तिने पुसला असणार. आत बहुतेक माईक तपासण्याच्या फायली, "एक, दोन, तीन, खोकला." एकच लांब आहे. उघडायचं धाडस झालं नाही. तिने मुद्दाम पुसलेलं ऐकायचा मला काय अधिकार? ऑफिसात सुद्धा मी मागितल्याशिवाय कोणाचं कपाट उघडत नाही.

पण तो तिचा श्वास आहे. फोनमधली ती एक फाईल सोडली तर घरात उरलेला शेवटचा.

२६ जानेवारी

ऐकलं.

आधी पंखा. मग ताई वाचायला लागते, "आई, इथे आज समुद्र शांत आहे—" आणि त्याच खोलीतून आईचा आवाज.

"थांब. पंखा लांब आहे. अजून जवळ घे."

"आई, कोण एवढं लक्ष देतंय!"

"तो देईल. मी आंधळी आहे, बहिरी नाही, हे त्याला माहीत आहे. एवढ्याशा घरघरीला मी फसले असं तो मानेल का? शंकासुर आहे तो." खुर्ची सरकल्याचा आवाज. "आता बोल."

ताई विचारते, "तुला कधी कळलं?"

"डोळे गेलेत, हात नाही गेले. तुझ्या मनगटाला माझी दोन बोटं मिटतात." आणि मग, अगदी रोजच्या आवाजात, "हे बघ, तू गेल्यावर तो स्वतःसाठी उभा राहायचा नाही. आईला सांभाळायचंय म्हणून राहील. मला काही माहीत नाही असंच त्याला वाटू दे. रोज चहाला येऊन बसेल तरी."

मग नुसता पंखा. मग ताईचं रडू, की हसू. मग खट्.

म्हणजे त्या दिवशी ती दुसऱ्यांदा हसली, ती थाप, ते वादळ—

लेक कशी गेली, शेवटी काय बोलली, हे आईने आजवर एकदाही विचारलेलं नाही. विचारताच येत नव्हतं तिला.

उद्या: चहाच्या वेळी स्पीकर बाजूला ठेवून आईला ताईचे शेवटचे दिवस सांगायचे. सगळे.