पडद्याची पुढची बाजू

सोनाळा, जि. बुलढाणा
ता. ११ डिसेंबर १९६६, आइतवार

मुंबईच्या चित्रंवालीले,

सोनाळ्याहून सत्यभामाबाईचं लिवनं. इकडं सारे बरे हायेत. तिकडं बी बरं असन. माह्या पंजाबचा खोकला गेला असन त ठीक, नसन गेला त त्याले अडुळशाचा काढा दे. डाक्टरच्या मागं धावू नोको.

तुहं कार्ड भेटलं. तू लिवलं का तुमच्या कंपनीचा चित्रायचा सिनेमा यात्रेतल्या तंबूत येऊन राह्यला, तो पाहून लोक काय म्हनतात थे कळवा, कारन दुसरा काढाचा का नाई थे मालक त्याच्यावरून ठरवनार हाय. आता मी तिसरी शिकलेली बाई. वावरात मेथी उभी, मिरची तोडाची राह्यली, अन् मले असे कामं सांगतं कोनी? पन इचारलं हाय त सांगते. इचारलं तेवढंच सांगते. मागं तुम्ही दोघं आलते तवा मी वावरात होती, म्हून भेट झाली नाई. थे झालं, थे गेलं. त्याच्यावर लिवाचं नाई.

पैले सिनेमाची गोष्ट लिवते, म्हनजे तुले समजन का गावाले काय समजलं. कुंभाराची पोट्टी. तिले शिलेदार व्हाचं हाय. राजाचा कायदा असा का ज्याच्या घरी तलवार त्याचंच लेकरू शिलेदार. हिच्या घरी मडके. राजाचा नगारा पहाडावरच्या राक्षसानं नेलेला, तो जो आनन त्याले राजा तलवार देनार. मंग पोट्टी निघते, अन् तिच्या मागं माय, बाप, बुढी आजी अन् गाढव, सारं घरच निघते. नगारा आनतात. राजा पोट्टीच्या खांद्यावर तलवार टेकवते अन् मंग थेच तलवार तिच्या हाती देते. झाला सिनेमा. बरोबर हाय ना? नसन त तुमचीच चूक, आमी नीट पाह्यलं.

आता लोकायचं ऐक.

आमच्या समोरचा कडूबा तुले माहीत नाई. त्याले देवाच्या परसादात बी मीठ कमी लागते. तो बजारात म्हने, "एक बी खरा मानूस नाई, सारे कागदाचे. कागदाच्या राक्षसाले काय भ्याचं?" त त्याची बायको गीताबाई तिथंच म्हने, "भ्याचं नाई त राक्षस आला तवा तुमी मांडीवर येऊन बसले असं वामनराव काऊन सांगते?" सारा बजार हसला. कडूबा अजून एक म्हने, "राजाले तलवार माराची नव्हती त उपसली काऊन? अन् खांद्यावर ठेवली काऊन? मानूस सत्कार करते त टोपी देते, नारळ देते. मानेपाशी धार धरून कोनी सत्कार करते काय?" याचं उत्तर मालकाले इचारून कळव, नाई त हा बुढा वर्षभर डोस्कं खाईन.

किसनराव कुंभार म्हने, गाढवावर एवढे मडके कोनी लादत नाई, पैल्याच चढावर फुटतीन. गोष्ट खरी हाय. पुढच्या सिनेमात मडके कमी कर. पन हाच किसनराव तिन्ही दिवस आला, अन् तिसऱ्या दिवशी आपल्या म्हाताऱ्या बापाले खांद्यावर घेऊन आला.

अन्नपूर्णा, माही शेजारीन, तिले आजी आवडली. राक्षस अंगावर आला तवा सारे पळाले, अन् आजीनं गाठोडं सोडून त्याले भाकर देली. तो भुकेला होता, दुसरं काई नाई. अन्नपूर्णा म्हने, "एवढा मोठा राक्षस, पन त्याले कोनी जेवला काय म्हून इचारलं नव्हतं." अन् रडली. ती कांदा पाहून बी रडते, थे तेवढंच धर.

शाळेचा भालचंद्र मास्तर यातून काय बोध घ्याचा थे सांगत होता. तो सांगे तवर माह्या मेथीच्या वीस जुड्या बांधून झाल्या. बोध काय होता थे लक्षात नाई.

झालं. लोकायचं मत असं हाय. दुसरा सिनेमा काढा. हे पत्र इथंच संपाचं होतं.

पन एक भांडन राह्यलं, अन् थे लिवल्याबगर तुह्या मालकाले पुरं कळनार नाई.

आमच्या इकडं तंबूत पडदा मधात बांधतात. मानसं पुढं बसतात, बायका पडद्याच्या मागं. मागून बी सारं दिसते, नुसतं उलटं दिसते. अक्षरं उलटी, डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. आमाले सवय हाय. आमचा जलमच मागून पाह्यन्यात गेला, कोनाले काई वाटत नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी घेऊन बजारात बसली, त कडूबा येऊन म्हने, "सारं ठीक, पन पोट्टी डावरी काऊन दाखवली? डाव्या हातात तलवार! राजाच्या दरबारात असा अपशकून?"

माह्या हातातली जुडी खाली पडली. मले वाटलं, हा मलेच बोलून राह्यला.

मी म्हनलं, "कडूबा, त्वांड सांभाळ. पोट्टीच्या उजव्या हातात तलवार होती. मी ह्या डोळ्यानं पाह्यली."

"डाव्या!"

"उजव्या!"

बायका माह्याकडून, मानसं त्याच्याकडून. मेथी तशीच राह्यली. मंग किसनरावची बायको म्हने, "अवं, आपन मागून पाह्यलं ना." तवा भांडन मोडलं. मी खाली पडलेली जुडी उचलली, उजव्या हातानं.

तुले पंजाबनं सांगतलं का नाई, मले माहीत नाई. मी डावरी हावो.

लगन होऊन ह्या घरात आली तवा सासूनं माह्या डाव्या हाताले फडकं बांधलं. सकाळपासून दुपारलोक बांधे. एक डाव संक्रातीच्या हळदी-कुकवाले मी घाईत डाव्या हातानं कुकू लावलं त बाई पाटावरून उठून गेली. सासू चार लोकायत म्हनली, "हिचा हात पाहूनच पोरगी परत पाठवाले पायजे होती." त्या दिवसापासून लोकायपुढं मी डावा हात काढला नाई. तीस वर्स झाले. हे पत्र बी उजव्यानंच लिवून राह्यली, शाळेत पट्टी खाल्ली थेव्हापासून. फक्त वावरात कोनी नसलं का इळा डाव्या हातात घेते. अन् पंजाबले घास भरवला तो डाव्या हातानं. पुढं घरात आमी दोघंच उरलो. त्याच्यापासून काय लपवाचं?

म्हून त्या संध्याकाळी मी पुन्यांदा गेली अन् मानसाच्या बाजूले, पुढं, पैल्या रांगेत जाऊन बसली. कडूबा म्हने, "सत्यभामाबाई, वाट चुकली काय?"

मी म्हनलं, "वाट नाई चुकली. काल जागा चुकली होती."

तंबूवाला आला, म्हने बाई मागं चला. मी म्हनलं, उचलून ने. त्यानं माह्याकडं पाह्यलं अन् गेला.

पैले नावं आली. आता सुलटी दिसली. एकेक अक्षर जोडून वाचली. एका ठिकानी होतं: चित्रं, स्नेहलता पंजाबराव वानखडे. मी थे वाचे-वाचेलोक पुढचं नाव आलं बी. पन वाचलं. वानखडे लिवलं तू. खामगावच्या कारकुनाची पोरगी, जातीची ना पातीची, सही करून लगन केलेली, अन् ह्या घरानं तुले पानी बी इचारलं नव्हतं तरी बी लिवलं.

मंग राजा आला. तलवार खांद्यावर टेकवली अन् पुढं धरली. अन् पोट्टीनं काय केलं? हात घागऱ्याले पुसला. एक डाव पुसला. अजून एक डाव पुसला. अन् मंग डाव्या हातानं तलवार घेतली.

इळा धराच्या आधी मी हात लुगड्याले पुसते. दोनदा. हे कोनाले माहीत नाई. माह्या नवऱ्याले, तो होता तवा, त्याले बी माहीत नव्हतं. वावराच्या बांधावर बसून पाहनाऱ्या एका लेकराले माहीत होतं. त्यानं तुले सांगतलं असन, अन् तू थे अख्ख्या दरबारात, राजापुढं काढलं. माह्या हाताले कोनी राजापुढं नेईन असं मले वाटलं नव्हतं.

दरबारातले लोक कुजबुजले. त पोट्टीनं हात मागं घेतला नाई. तुवा तसंच काढलं.

कडूबा मागून म्हने, "पाह्यलं? डावरी." मी म्हनलं, "हाव. डावरी हाय. मंग?" टोपी नीट करून तो पडद्याकडं पाहू लागला.

आता जे लिवाचं नाई म्हनलं होतं थे लिवते.

मी वावरात नव्हती.

तुमी आले तवा मी घरातच होती. दाराच्या मागं. अन्नपूर्णानं तुमाले वावरात गेली म्हून सांगतलं थे मीच तिले सांगाले लावलं होतं. फटीतून तुह्या चपला दिसत होत्या अन् पंजाबच्या हातातला पत्र्याचा डबा. तू म्हनली, "थांबू ना. आई येतीलच." दोन घंटे थांबली तू ओसरीवर. मोटरची वेळ झाली तवा अन्नपूर्णानं देलेल्या गडव्यातलं पानी तुह्या हातून सांडलं, त उकिडवी बसून पदरानं पुसलं अन् मंग गेली. मी फटीतूनच पाहो. मागूनच पाह्यलं मी तुले. उलटं पाह्यलं. सासूनं जे माह्यासाठी म्हनलं थेच मी तुह्यासाठी दाराआड उभी राहून म्हनलं, नुसतं त्वांड उघडलं नाई एवढंच.

माफी मागनं मले जमत नाई. लई बोलनं बी जमत नाई. काम सांगते.

संक्रातीले या. दोघं बी. मोटर दुपारी येते. मी फाट्यावर येनार नाई, दारात राहीन. दाराच्या पुढं. उंबरठ्यावर जवारीचं माप भरून ठेवतो आमी नव्या सुनेसाठी, थे दोन वर्सापासून कोठीत उपडं पडलं होतं. आज घासून ठेवलं. माप उजव्या पायानं लोटाचं असते अशी रीत हाय. तुले जो पाय येईन त्यानं लोट. डाव्यानं लोटलं तरी जवारी घरातच सांडते.

मालकाले सांग, दुसरा सिनेमा काढा, गावाले पायजे. राक्षसाले अजून जेवू घाला. मडके कमी करा. अन् कोनी म्हनलं का पोट्टीचा हात बदलून उजवा करा, त त्याले माह्याकडं पाठव.

पुढच्या तीन ओळी हात बदलून लिवते. अक्षर कोंबडीच्या पायावानी येईन. तू चित्रंवाली हायेस, तुले समजन.

स्नेहलता, सूनबाई, घरी ये.
वाट पाहनारी तुही डावरी सासू,
सत्यभामा वानखडे