एक क्रमांक महागावचाच

१ नोव्हेंबर २००६, सकाळी ८
मी, रामराव भिवाजी गावंडे, वय एकाहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण (वर्गात पहिला), जिनिंग संस्थेच्या महागाव शाखेचा अध्यक्ष, खरे तेच लिहीन. वार्षिक सभेत उमरखेड शाखेचे गुलाबसिंग राठोड यांना माझ्याआधी हार घातला गेला. याची परतफेड होईल.

६ नोव्हेंबर
यवतमाळच्या मुख्य कार्यालयाचे पत्र. दोन्ही शाखांचे कॉम्प्युटर यवतमाळशी जोडणार. ज्या शाखेची वजनपावती महिनाअखेरपर्यंत तेथे उमटणार नाही, तेथील कापूस खरेदी बंद. उमरखेडचीच होईल.

१० नोव्हेंबर
यवतमाळहून इंजिनीअर प्राचीबाई आल्या. म्हणाल्या, कॉम्प्युटर बसवणारा एकच होता. त्याने तिन्ही कार्यालयांना नेटवर्कचा एकच पत्ता दिला, क्रमांक एक. तीन घरांना एकच घरनंबर असल्यास पोस्टमनने काय करावे? मुख्य कार्यालय एकवर राहील. महागावने दोन घ्यावा, उमरखेडने तीन. मी नकार दिला. महागाव शाखा आधीची आहे.

११ नोव्हेंबर
बाईंनी तोड सुचवली. आत एकच राहू द्या, यवतमाळला बाहेरून दोन दाखवू. आत एक आणि बाहेर दुसरेच, असे वर्तन गावंडे घराण्यात नाही. तसे लेखी दिले.
गुलाबसिंग यांनी तीन निमूट स्वीकारल्याचे कळले. सूड निम्मा पूर्ण.

२० नोव्हेंबर, दुपारी ३
चाचणी. ऑपरेटर साकेत याने यवतमाळच्या प्रिंटरला पावती पाठवली. तत्काळ छापली. आमच्या शेजारच्या खोलीत छापली, ही किरकोळ बाब. साकेतचे म्हणणे, पत्ता सारखा असल्याने कॉम्प्युटर यवतमाळला आपल्याच इमारतीत शोधतो. म्हणजे यवतमाळ आमच्याकडे आले. पेढे वाटले.
सौ. भागीरथा म्हणाली, "पावती आपल्याच हापिसात फिरून राह्यली, अन् तुमी पेढे कायले वाटता?"
तिलाही एक पेढा दिला.

२९ नोव्हेंबर
यवतमाळहून फोन. महागावची एकही पावती नाही. उमरखेडच्या रोज येतात. प्राचीबाईंचा निरोप, अजूनही पाच मिनिटांचे काम आहे. कळवले की गुलाबसिंग यांनी तीन सोडून चार घेतल्यास मी दोनचा विचार करीन.
उत्तर नाही. घाबरले असावेत.

२ डिसेंबर
खरेदी बंद. वजनकाटा उमरखेडला हलवण्याचा आदेश. न्यायला गुलाबसिंग स्वतः ट्रक घेऊन आले. चार कडक वाक्ये पाठ केली होती. त्यांनी आधी वाकून नमस्कार केला.
म्हणाले, "रामरावजी, काटा आमी नेतो. नंबर तुमच्यापाशीच राहू द्या."
वाक्ये आठवली नाहीत. ताबापावतीवर सही केली.
समक्ष हजर: ऑपरेटर साकेत, गुलाबसिंग राठोड, सौ. भागीरथा (त्याच ट्रकवर उभी राहून, आमच्या शेतातला कापूस पायांनी दाबत).