एकतीस की एकोणचाळीस

प्रिय बारक्या,

इतकं लांबलचक पत्र मी तुला पहिल्यांदाच लिहिते आहे. फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं होतं, पण तू उचलल्या उचलल्या "ताई, गुडघा कसा आहे?" विचारतोस आणि मग मी गुडघ्याबद्दलच बोलत बसते. हे वाचून तू मला ताई म्हणणं सोडलंस तरी माझी तक्रार नसेल. फक्त शेवटपर्यंत वाच, मध्येच घडी घालून ठेवू नकोस.

गेल्या शनिवारी तुझ्या भावोजींनी मला आमच्या सेडानसाठी ऑइल फिल्टर आणायला पाठवलं. त्यांची कंबर धरली होती, आणि गाडी ज्याच्याकडे टाकली होती तो म्हणाला, फिल्टर तुम्हीच आणा, म्हणजे नंतर माझ्या नावाने ओरडायला नको. स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने माझ्यासमोर तीन काळे डबे मांडले, तिन्ही सख्खी भावंडं वाटावीत असे. एक बोटभर उंच, एकाच्या तोंडाची रबरी कडी जराशी लहान. "नंबर आणलाय ना, आंटी? वाचा बघू." मला वाचवेना. मी कागद तसाच तिच्या हातात दिला. ती हसून म्हणाली, "चष्मा विसरलात वाटतं!" चष्मा माझ्या नाकावरच होता रे.

बाबांची पांढरी सेडान आठवते? रविवारी दुपारी तू तिच्याखाली आडवा असायचास, बाहेर नुसत्या दोन चपला. आई जेवायला हाका मारून दमायची आणि शेवटी मला म्हणायची, जा, पाय धरून ओढ त्याला. मी ओढायचे आणि तू काळ्या तोंडाने हसत बाहेर यायचास. मला तुझं कौतुक होतं, पण त्यात एक खोट होती, ती आज लिहिते. मी नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकले, तू मराठी शाळेत. माझ्या मैत्रिणी घरी आल्या की तू त्यांच्यासमोर इंग्रजी बोलू नयेस असं मला वाटायचं. टीचर-टीचर खेळताना मी तुझ्या स्पेलिंगवर लाल रेघा मारायचे आणि तू निमूट दहा-दहा वेळा लिहून काढायचास. तो खेळ माझ्या मनात कधी संपलाच नाही.

तू गॅरेज काढून चार महिने झाले होते. एका शटरचं, पण किती नीटनेटकं होतं ते! पाने उंचीप्रमाणे टांगलेले, जमिनीला फडकं मारलेलं. बाबा आधी नाराजच होते. मग एक दिवस स्वतः गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "घे, बघू तुझा हात. परवा तुझ्या आईला घेऊन लांब जायचंय, ऑइल बदलून दे." तुझं तोंड कसं उजळलं होतं! मी बाजारात निघाले होते म्हणून फिल्टर आणायचं काम तू मला दिलंस. पाकिटाच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून दिलंस, त्याला ऑइलचा अंगठा लागलेला. फिल्टरचं स्पेलिंग चुकलेलं.

दुकानदार म्हातारा होता, जाणता होता. मी नंबर वाचून दाखवला, वीस एकोणचाळीस. तो थबकला. "एकतीस की एकोणचाळीस? या गाडीला मी तर एकतीसच देतो, बाई. बघू तो कागद." बारक्या, मी कागद दाखवला नाही. शेजारी दोन बायका उभ्या होत्या, छान कपड्यातल्या, आणि त्यांच्यादेखत ते तेलकट स्पेलिंग बाहेर काढायची मला लाज वाटली. मी पुठ्ठा पर्समध्ये टाकला आणि ठसक्यात म्हणाले, "माझा भाऊ स्वतः मेकॅनिक आहे, त्याने लिहून दिलंय." तो म्हणाला, "मग राहिलं." आणि एकोणचाळीस बांधून दिला.

डब्यावरचा नंबर तू पाहिला नाहीस. ताईने आणलाय म्हटल्यावर कशाला पाहशील? आटे जुळले, डबा घट्ट बसला. इंजिन चालू ठेवून तू दहा मिनिटं खाली वाकून पाहत होतास, एक थेंब पडला नाही. पण त्या एकोणचाळीसची रबरी कडी जराशी लहान होती; हायवेवर ऑइल तापल्यावर ती सरकली आणि सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं. लाल दिवा लागला, तरी बाबा पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणत दामटत राहिले आणि इंजिन जाम झालं. आई-बाबा उन्हात तीन तास रस्त्याच्या कडेला बसले. तिथल्या गॅरेजवाल्याने फिल्टर काढून फेकला आणि एवढंच सांगितलं, की ज्याने बसवलाय त्याला बसवता येत नाही.

तेच वाक्य बाबांनी पुढे वर्षभर ज्याला त्याला ऐकवलं. गाडी ओढून आणली त्या दिवशी तू मला म्हणालास, "ताई, मी कडीवरून ऑइलचं बोट फिरवलं होतं गं, मग कसं झालं?" मी म्हणाले, होतं असं कधी कधी.

तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं. कळलं ते आठवड्याने. मी पर्स आवरत होते, आई शेजारी भाजी निवडत होती. तिने पुठ्ठा उचलला आणि सहज वाचला, "वीस एकतीस. हे काय गं?" मी तिच्या हातातून तो ओढलाच. तू मराठी आकडे लिहिले होतेस. दोन, शून्य, तीन दोन्हीकडे जवळपास सारखेच दिसतात, म्हणून मला शंकाही आली नाही. शेवटचा तुझा मराठी एक मी इंग्रजी नऊ म्हणून वाचला होता. आईला म्हटलं, काही नाही, जुना कागद आहे. आणि त्याचे बारीक तुकडे करून भाजीच्या देठांबरोबर टाकून दिले. तू शेजारच्याच खोलीत होतास.

नंबर चुकला ती चूक होती, ती एक वेळ देव माफ करेल. तुकडे केले ती चूक नव्हती. गॅरेजचं शटर तू कायमचं ओढलंस तेव्हा मी तिथे उभी होते. तू परगावी कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलास, खोकी घ्यायची आणि खोकी द्यायची, यंत्राला हात लावायचा नाही. मी सगळ्यांना सांगत राहिले, बरं झालं, कपडे तरी स्वच्छ राहतात. अठरा वर्षं झाली या गोष्टीला.

काल मी बाबांना सगळं सांगितलं. ते आता कमी बोलतात, तुला माहीतच आहे. एवढंच म्हणाले, "वाकून वाकून बघत होता पोरगा. मी पाहिलं होतं." आणि माझ्याकडे न बघता, "मला काय सांगतेस? त्याला सांग."

बाबांकडे जायचा धीर मला तुझ्या लेकीमुळे आला. परवा तिचा फोन आला होता, तुला न सांगता केलेला, तिला रागावू नकोस. तिला मोटारीच्या कामाच्या कोर्सला प्रवेश मिळालाय आणि तू फॉर्मवर सही करत नाहीस. का, म्हणून विचारलं तर रडायलाच लागली. म्हणाली, "आत्या, बाबा म्हणतात आपल्या हाताला यश नाही, घरच्या गाडीचंसुद्धा वाटोळं केलं मी. तू सांग ना त्यांना, तुझं ऐकतात ते." माझं ऐकतोस तू, अजूनही! तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. हे पत्र तिला वाचायला दे, आपली आत्या कशी आहे ते कळू दे. तुझ्या हातात काहीच कमी नव्हतं, बारक्या. तू बसवलेला फिल्टर अगदी बरोबर बसवलेला होता. आणलेलाच चुकीचा होता, आणि तो मी आणला होता. फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. माझ्यावर रागवायला पुढे सगळं आयुष्य पडलंय, त्याआधी सही कर.

तुझीच, म्हणायला जीभ अडखळते तरी तुझीच,
ताई