सोऱ्यातून पाडलेलं सरपण

७ एप्रिल १९७४, रविवार
डोळ्यांच्या डॉ.कडे जाऊन आलो. सौ.च्या उजव्या डोळ्याला सारखं पाणी. मला वाटलं थेंब देतील, फार तर चष्मा. ते म्हणाले, चुलीचा धूर बंद करा, नाहीतर हा डोळा जाईल. सरळ असंच, तिच्यासमोर! मी खुर्चीवर बसल्या बसल्या गार.
बावीस वर्षं ती त्या धुरात भाकरी थापते आहे. आणि मी वर्कशॉपात दुनियेच्या मशिनी दुरुस्त करतो. लाज वाटली, दुसरं काय. घासलेटच्या रांगेतून या महिन्यात दोनदा रिकामा डबा घेऊन आलो. गॅसचा नंबर कधी लागेल ते विचारू नये.
रिक्षात ती म्हणाली, "तुमचं तोंड काहून उतरलं? डोळा माझा हाय ना?"

१० एप्रिल
लकडगंजात हरिभाऊच्या लाकूड चिरायच्या आरामशीनवर. जुना दोस्त. सागाचा भुसा पोतंभर दिला. "कशाले पाहिजे गा?" सांगितलं नाही, हसला असता.
सुटा भुसा धुमसतो, धूर करतो. दाबून घट्ट गोळ्या केल्या आणि खालून वारा दिला तर? बघू.

१३ एप्रिल
भुसा मैद्याच्या खळीत मळला. दाबायला काही सापडेना. शेवटी सौ.चा चकलीचा सोऱ्या. ती बघतच राहिली. "आवो, माझ्या सोऱ्यातून लाकूड काढून राहिले तुम्ही?"
बोटाच्या पेराएवढे तुकडे पाडले. गच्चीवर तिच्या कुरडयांच्या शेजारी वाळत. खांदा दुखतो आहे.

१५ एप्रिल
शेजारच्या सिंधूबाईंनी जाता जाता एक उचलून तोंडात टाकला. "काय वं कुसुम, ह्या कुरडया कशाच्या? मीठच नाही!" सौ. हसून हसून जिन्यात बसली. सिंधूबाई दोन दिवस बोलणार नाहीत.

२१ एप्रिल, रविवार
पेटला!! घासलेटचा जुना पिपा कापला, वर लोखंडी जाळी, बाजूने तिरपी नळी. नळीतून गोळ्या आपोआप खाली सरकतात. खाली हाताचा पंखा. पहिली पाच मिनिटं धूर, मग नुसती स्वच्छ आच. माझाच विश्वास बसेना, दोनदा वाकून बघितलं.
चार वांगी भाजली भरताला. सौ. समोर बसली होती आणि तिने डोळ्याला पदर लावला नाही. एकदाही नाही. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो, नाहीतर तिच्यासमोर रडलो असतो.

२६ एप्रिल
गोळ्या संपत आल्या. हरिभाऊ मशीनवर नव्हता. सागाचा भुसाही नव्हता. मागच्या बाजूला संत्र्याच्या पेट्यांसाठी जंगली लाकूड चिरत होते, तिथला ढीग भरून आणला. काळपट आहे. चिरणारे दोघे कोपरापर्यंत खोबरेल फासून. एवढ्या उन्हात तेल कशाला, कोण जाणे.

२९ एप्रिल
नवीन गोळ्या पाडल्या. मनगटावर बारीक पुरळ, खाज. घामोळं असेल.

५ मे, रविवार
आज रोडगे, एरवी गोवऱ्यांच्या आरात भाजतात ते कणकेचे गोळे. गोवऱ्यांशिवाय! सिंधूबाई मुद्दाम बघायला आल्या. "गोवरीबिगर रोडगा कुठं होते का?" मी अंगणात उभा राहून त्यांना नळी कशी, वारा कसा, सगळं समजावतो आहे. भाषणच म्हणा. सौ. पिप्याशी बसून एकेक रोडगा परतत होती. नव्या गोळ्यांना धूर थोडा जास्त. सुरुवातीला होतोच, म्हटलं.
रोडगे खरपूस झाले. सिंधूबाईंनी दुसऱ्यांदा तूप मागितलं.
दिवेलागणीला सौ. म्हणाली, तोंडाची आग होते.

६ मे
सकाळी तिला ओळखलं नाही.
तोंड सुजून हे एवढं. दोन्ही डोळे बंद, पापण्यांच्या जागी नुसत्या फुगीर रेषा. ती विचारते, "उजाडलं का?" ऊन खिडकीतून तिच्या तोंडावर आलं होतं.
डॉ.कडे नेली. पट्ट्या बांधल्या. उजव्याचं काही सांगत नाहीत. तिथून हरिभाऊकडे. त्याने मला बघितलं, माझं मनगट बघितलं. "त्या मागच्या ढिगातला नेला? अबे, बिब्बा हाय त्याच्यात! चिरणारे तेल फासून बसतात, दिसलं नाही तुले?"
दिसलं होतं. २६ तारखेला लिहूनसुद्धा ठेवलं आहे. आत्ता मागे उलटून वाचलं.
बिब्बा उतणं, त्याच्या तेलाने, धुराने अंग सुजणं मला माहीत नाही का? विदर्भात जन्म गेला माझा. आणि मी तो जाळला, तिच्या तोंडासमोर.

७ मे
उरलेल्या गोळ्या आणि पोतं लांब नेऊन पुरलं. बिब्ब्यावर उतारा म्हणून सौ.ला खोबरं, तीळ खायला देतो. भात मी केला. कच्चा. तिने खाल्ला.

८ मे
आज सांगितलं तिला. बिब्बा होता म्हणून. ती म्हणाली, "मले मालूम होतं."
काय?
"पहिल्या रोडग्यालेच वास आला. आमच्या माहेरी आई बिब्बा पोळवत होती ना, तोच वास."
मग उठली का नाहीस? बोलली का नाहीस?
"तुम्ही सिंधूबाईले सांगून राहिले होते. इतके खुश तुम्ही कधी दिसले मले? म्हटलं, थोडाच तर धूर हाय."
बावीस वर्षं धुराबद्दलही ती अशीच गप्प होती आणि मी समजत होतो तिला सवय झाली.

१२ मे, रविवार
सूज उतरली. डावा उघडला, दिसतं. उजव्याची पट्टी गुरुवारी काढणार. आज डॉ.ना विचारलं, ते म्हणाले, काढल्यावर बघू.
पिपा मोडायला काढला तर सौ. ओरडली. "हात नका लावू त्याले! चुलीपाशी बसवता का मले पुन्हा?"
हरिभाऊने तीन पोती पाठवली. साग आहे म्हणतो, शपथ घेतो. सौ. म्हणाली, आधी मी वास घेईन. मी चमच्यावर चिमूटभर घेऊन तिच्या नाकापासून वीतभर लांब धरला. पहिलं पोतं: "साग." दुसरं: "साग. जुना हाय."
तिसऱ्याला थांबली. मान फिरवली, पुन्हा आणली. मी चमचा धरून उभा. आता तरी बोलशील ना, एवढंच विचारलं.
"सांगतो ना. जरा थांबा," ती म्हणाली.
थांबलो आहे. चमचा खाली ठेवून हे लिहितो आहे. ती अजून विचार करते आहे.